बेरियम गादीवरून उतरला त्याची हकीकत

श्री. धरणगाव मुक्कामी बेरियम गादीवरून कैसा उतरला, ते जैसे घडले तैसे लिहिले असे. मीठ-मिरची पडली ती लिहिणाराच्या हातची, माफी असावी.

लीलाधर मास्तर, कनिष्ठ महाविद्यालयाचे रसायनाधिपती, सहा वर्षे तासिका तत्त्वावर खडू झिजवीत होते, आणि कायम नेमणुकीची सनद हाती नव्हती, म्हणोन सोयरिकीस आलेला पाहुणा चहा पिऊन परत जात असे. मग जळगावाहून खलिता आला की निवड समितीची स्वारी येते, मास्तरांनी अकरावीच्या वर्गापुढे नमुना पाठ द्यावा. पसंत पडल्यास सनद, न पडल्यास घरी बसावे.

पाठ अल्कधर्मी मृदा धातूंच्या आयनांचा. बेरिलियम सर्वांत धाकटा, मग मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, आणि बेरियम थोरला. पाचही भावांचा प्रभार सारखाच, दोन. पाण्यात उतरताच पाणी अंगास बिलगते आणि ऊर्जा सुटते, ती कोणाची अधिक, इतकाच सवाल.

स्वारी दाखल जाहली, समितीचे सरदार कुंदनराव पुढल्या बाकावर मांडी ठोकोन बैसले, आणि मास्तरांची बुद्धी दाही दिशा पांगली. लग्नात थोर पाहुण्याभोवतीच चौघे तांबे घेऊन धावतात, हे जन्मभर पाहिलेले. त्याच हिशेबाने त्यांनी फळ्यावर बेरियमास अव्वल गादी दिली आणि बेरिलियमास तळाशी लोटिले.

तो दिपमाला नामे विद्यार्थिनी उभी राहिली.

"सर, उलटं शे."

मास्तरांच्या मनी आले की पोरीस दटावून खाली बैसवावे. फिरोन आले की ती खरे बोलते. मग सनद गेली ऐसे धरोन त्यांनी शर्टाच्या बाहीनेच फळा पुसला, आणि फर्माविले की कारण सांगणे.

"आमना घर पाचवी व्हती, सर. बाळ येवढुसं, पन बठ्ठ्या बाया त्यालेच चिटकेल. आबा येवढा धिप्पाड, पानी मांगी मांगी थकना, कोन्ही देखं नही! तसंच शे. प्रभार दोनच, पन अंग लहान, म्हनीसन पानी जास्त ओढस."

कुंदनरावांस हसू आवरेना. पुसते जाहले की हे तुला कोणी शिकविले.

"सरनीच, पोळानी सुट्टीना आधी. म्हने, पुस्तक ठेवा, घरमा देखा."

मग समितीने आपसांत कुजबूज केली, आणि कुंदनरावांनी जाहीर केले की ज्याची शिकवण त्याची चूक धरते आणि जो चारचौघांत ती पुसतो, तो मास्तर ठेवणे. सनद मुक्रर. मास्तरांचे डोळे भरून आले, ते खडूचे कण गेले म्हणोन त्यांनी सांगितले, आणि कोणी खोटे पाडिले नाही.

येणेप्रमाणे बेरिलियम तख्तनशीन जाहला, बेरियम पाचवे जागी उतरला, आणि फत्ते लीलाधररावांचे नावे दर्ज केली. लढाई मात्र दिपमालाबाईंनी मारली, हेही लिहून ठेविले असे.