वो याव ह चा

इंदापूरच्या रमाकांतरावांच्या शाळेत यंदा पाचवीला चिनी भाषा सुरू झाली, कारण बारामतीच्या एका शाळेने जर्मन सुरू केली होती. शिकवायचं काम इफ्फत मॅडमच्या गळ्यात पडलं. त्या इतिहास शिकवायच्या, आणि इतिहासात चीन येतो, एवढी पात्रता संस्थेला पुरली. मॅडम वर्षानुवर्षं हंगामी होत्या, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

मॅडम मोबाईलवर रात्री शिकत आणि सकाळी शिकवत. म्हणजे पोरांपेक्षा त्या एका झोपेनेच पुढे होत्या.

तेवढ्यात जवळच्या कारखान्यात मशीन बसवायला खरेखुरे चिनी साहेब आले. रमाकांतरावांनी त्यांना शाळेत बोलावलं आणि मॅडमना केबिनमध्ये घेतलं. "सायबानं खूश होऊन कॉम्प्युटर लॅब दिली, की तुमची कायमची ऑर्डर काढतो. न्हाय दिली तर जूनपासून दुसरी बाई बघाय लागंल."

मॅडमनी स्वागताचं वाक्य शोधायला घेतलं. एका व्हिडिओत दारात उभी राहून एक बाई हसत म्हणत होती, "वो याव ह चा." समोर कप होता. मॅडमना धन्य वाटलं. वरकुटे गावात त्यांची मावशी पाहुण्याला अगदी असंच म्हणायची, "आवो, याव, ह्यो चा." दोन्ही संस्कृती किती जवळ आहेत, यावर त्यांनी वर्गात छोटं भाषणही दिलं. अर्थ तपासायची गरजच उरली नाही.

साहेब आले. सोबत दुभाषी म्हणून वल्लरी नावाची पुण्याची मुलगी होती. साहेबांच्या हातात चहाचा कप देण्यात आला आणि पाचवीच्या वर्गाने एका सुरात आरोळी ठोकली, "वो याव ह चा!"

साहेबांचा कप तोंडापाशीच थांबला. ते वल्लरीशी हळू आवाजात काहीतरी बोलले. ती रमाकांतरावांकडे वळली.

"सर, साहेब विचारतायत, मुलांना चहा देत नाही का तुम्ही? मुलं म्हणतायत, 'मला चहा प्यायचाय.'"

मॅडमच्या डोळ्यांपुढे जून महिना उभा राहिला. रमाकांतराव काही बोलणार, तोच साहेबांनी आपला कप पहिल्या बाकावरच्या अथर्वला देऊन टाकला.

हे वर्गाने पाहिलं. इंग्रजीच्या तासाला घसा कोरडा करूनही कुणाला कधी साधं बिस्कीट मिळालं नव्हतं. इथे एका वाक्यात कप हातात. पोरांनी आवाज चढवला. साहेबांनी खिशातून नोटा काढल्या. गेटबाहेरचा टपरीवाला म्हस्कू किटली घेऊन आला, मग दुसरी आणली. सहावीच्या पोरांनी वाक्य खिडकीतून ऐकलं आणि पाठ करून रांगेत उभी राहिली. आठवीच्या वर्गाला पसायदान अजून येत नव्हतं, पण चिनी अस्खलित येऊ लागली. शेवटी शिपाईमामाही कप घेऊन "वो याव" म्हणाले.

निघताना साहेब भारावून बोलले, आणि वल्लरीने ते सांगितलं. इतकं मनापासून चिनी बोलणारी मुलं त्यांनी कुठे पाहिली नव्हती. कंपनी वर्षभर शाळेला रोज चहा देईल.

"आन् लॅब?" रमाकांतरावांनी विचारलं.

"लॅब मागितली नाही ना कुणी," वल्लरी म्हणाली.

मॅडम रात्रभर तळमळल्या. सकाळी त्या बॅग आवरायच्या तयारीनेच शाळेत आल्या, तर गेटवर पालकांची झुंबड उडालेली. सर्वांत पुढे नातवाला दंडाला धरून सारजाबाई होत्या. "बारामतीत जर्मन शिकून पोरगं उपाशी येतंय म्हनं. हितं बोललं की चा मिळतू. घ्या ह्याला."

रमाकांतरावांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. कायमची ऑर्डर सहीसकट टेबलावर होती.

"मॅडम, आजपासून तुमी कायम," ते म्हणाले. "फकस्त मोबाईलवरला फुडचा धडा शिकवू नका. त्यात जेवन मागायचं हाय, आन् ते कंपनी देणार न्हाय."