गटविम्यास पात्र: एक

आजी-माजी कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्यासाठी कंपनी निवडायला आमच्या नगरपालिकेने १९९२ साली समिती नेमली, तेव्हा माजी व्हॉल्व्हमन सुदाम उबाळे यांना हर्निया झालेला होता. ऑपरेशन लवकर करा, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, असं अंबरनाथ पश्चिमेच्या सर्जननी बजावलं होतं. पेन्शनमध्ये ते बसत नव्हतं. त्यामुळे सुदाम आणि त्यांची बायको अंजना समितीकडे डोळे लावून बसले होते.

समितीचे अध्यक्ष हेडक्लार्क दिनानाथराव. बाजारात कंपन्या चार, चारही सरकारी, चौघींचे दर एक आणि नियमही एक. निवड अवघड झाली ती यामुळेच. वर्षभर तुलनात्मक अभ्यास करून समितीने अखेर व्हीटी स्टेशनपासून चालत जाता येईल ती कंपनी पसंत केली.

कंपनीचे अधिकारी आले आणि त्यांनी सगळ्यांची आजारपणाच्या रजेची कागदपत्रं मागवली. जुन्या आजाराला विमा नाही, असा नियम होता. सुदामनी भाबडेपणाने आपला हर्निया सांगून टाकला. अधिकारी म्हणाले, "आम्ही माणूस तपासत नाही, रेकॉर्ड तपासतो."

इथे घोडं पेंड खाऊ लागलं. किरकोळ रजा संपली की स्टेशनाजवळच्या डॉक्टरांकडून सर्टिफिकेट आणायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. जकात नाक्याला दर गणपतीत टायफॉइड होई. मुरबाडकडच्या मंडळींना भातलावणीच्या सुमारास कावीळ धरे. युनियनचे सेक्रेटरी बबनराव यांच्या मणक्याची चकती लग्नसराईत न चुकता सरके. खुद्द दिनानाथरावांना हृदयविकाराचे दोन झटके येऊन गेले होते. मुलीची बाळंतपणंही दोनच झाली होती.

अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. "मग नगरपालिका चालवतं कोण?" त्यांनी विचारलं.

रेकॉर्डवर ठणठणीत असा एकच माणूस निघाला. सुदाम. आपण गेलो नाही तर वरच्या आळीला पाणी सुटत नाही, म्हणून हा गृहस्थ अंगात ताप असतानाही व्हॉल्व्हवर जाई. पण एका माणसाचा गट होत नाही, असं अधिकाऱ्यांनी खेदाने सांगितलं.

दिनानाथराव हार मानणारे नव्हते. आधीची सर्टिफिकेटं खोटी होती, असं नवं सर्टिफिकेट त्यांनी त्याच डॉक्टरांकडून मागितलं. डॉक्टर कोणाला नाही म्हणत नसत. पण ऑडिटरने शंका काढली: आजार खोटा तर रजा खोटी, आणि रजा खोटी तर त्या दिवसांचा पगार परत.

तातडीने सभा भरली. सुदाम पोट धरून उभे राहिले.

"बाबांनो, एकदा खरं लिहून द्या," ते म्हणाले. "माझं ऑपरेशन तरी होऊन जाईल."

सभा गहिवरली. बबनरावांचे डोळे भरून आले, आणि ते नाटक नव्हतं. "सुदामकाका, तुमच्यासाठी जीव देऊ आपण," ते म्हणाले. "पण घेतलेली रजा परत कशी देणार?"

मग ठराव झाला: सर्व कर्मचाऱ्यांची प्रकृती उत्तम असल्यामुळे विम्याची आवश्यकता नाही. एकमताने मंजूर. सुदामचा हात तेवढा वर नव्हता, पण निवृत्तांना मत नव्हतं.

डिसेंबरात त्यांचं आतडं अडकलं. इस्पितळात नेईपर्यंत उशीर झाला होता. असा सरळ माणूस असा जावा, याचा मला आजही संताप येतो.

अंत्ययात्रेला झाडून सगळी नगरपालिका आली. कचेरीत शिपाईसुद्धा उरला नाही. बबनरावांनी खांदा दिला. दिनानाथराव अंजनाबाईंसमोर ढसाढसा रडले, आणि तेही खरंच रडले. वर्ष संपत आलेलं, किरकोळ रजा कोणाचीच शिल्लक नव्हती. दुसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर सर्टिफिकेटांचा गठ्ठा आला. साऱ्या नगरपालिकेला एकाच दिवशी ताप भरला होता.

तुम्ही म्हणाल, निदान शेवटच्या दिवशी तरी माणसं धावून आली. खरं आहे. इतक्या चांगल्या माणसासाठी तुम्हीही आला असतात. अर्जात काय लिहिलं असतंत, तेवढं सांगा.