पांढऱ्या पायांचा माल

जगदेव यांच्या शेडमधील ब्रॉयलर कोंबड्यांचे वजन या खेपेस नेहमीइतकेच भरले. तुरे लाल होते, डोळे तरतरीत होते. पाय मात्र पांढरे होते.

मालेगावहून माल उचलायला आलेल्या मदनसिंगने एक कोंबडी उलटी धरली, तिचे पाय निरखले आणि ती हलकेच खाली ठेवली.

"भाऊ, यायच्या अंगात रगत नाही. मी नाही नेत."

"रगत पायात पाह्यतेत काय रे? तुरा पाह्य ना."

"तुऱ्याले कोण इचारते? पाय पिवळेच लागतेत."

गाडी रिकामी परतली. मे महिना होता, आणि पूर्ण वाढलेली ब्रॉयलर कोंबडी तसल्या उन्हात फार दिवस तग धरत नाही. माल उचलला गेला नाही, तर तो शेडमध्येच मरणार होता. जगदेव यांनी प्रथम पिल्ले पुरवणाऱ्याला फोनवर फैलावर घेतले, मग लस देणाऱ्याला. पहिल्याने दुसऱ्याचे नाव सांगितले, दुसऱ्याने पहिल्याचे.

"तुमचं भांडण झालं असन तं ऐका," त्यांच्या पत्नी कस्तुराबाई म्हणाल्या. "पिवळेच पाय पाह्यजेत ना त्याले? घरची हळद पोत्यात पडून हाये."

उपायाला शास्त्राचा आधार नव्हता. परंतु आक्षेपालाही नव्हता. हळद घमेल्यात कालवण्यात आली आणि नवराबायकोने एकेक कोंबडी धरून तिचे पाय त्यात बुडवले. कोंबड्यांनी या प्रक्रियेस शक्य तितका विरोध केला.

दुसऱ्या दिवशी मदनसिंग विनवण्यांनंतर पुन्हा आला. त्याने एक कोंबडी उचलली आणि मग आपला पिवळा तळहात पाहिला.

"लगन काढलं काय भाऊ, यायचं?"

"तुले पिवळे पाह्यजेत होते ना?"

"काल रगत नव्हतं, आज कावीळ झाली."

कावीळ ही वार्ता गावभर व्हायला तासही लागला नाही. गावकऱ्यांनी पशुवैद्यक डॉ. प्रियदर्शनी यांना पाचारण केले. त्यांनी कोंबड्या तपासल्या, एक कापून तिचे यकृत पाहिले. ते निर्दोष होते.

"खाद्यात काही बदल केला?"

"काईच नाही. सोयाबीनची पेंड तेच, क्षार तेच. मका बुरशीचा भेटून राह्यला होता, म्हणून घरची ज्वारी भरडली."

"मक्याच्या जागी सगळी ज्वारी?"

जगदेव संतापले. "मॅडम, ज्वारी आमी माणसं खातो. माह्या बापानं जलमभर भाकरच खाल्ली. तिच्यानं कोंबडी कशी बिघडन?"

"बिघडलीच नाही." डॉक्टर तिथेच थांबलेल्या मदनसिंगकडे वळल्या. "कापल्यावर पायांचं काय करता?"

"फेकतो."

"आणि कातडीचं?"

"तेबी फेकतो."

"मग हा रंग कोण खातं?"

 मदनसिंग गाडीकडे गेला आणि वजनकाटा उतरवू लागला.

"कायले उतरवून राह्यला आता?" जगदेव म्हणाले. "पायाले रगत येऊ दे आधी."

"भाऊ, ऊन चढून राह्यलं. पक्षी धरा."

पिवळ्या मक्यात जे रंगद्रव्य असते, ते कोंबडीच्या कातडीत व पायांत उतरते. ज्वारीत ते जवळजवळ नसते. जगदेव यांनी मका काढून ज्वारी घातली होती, म्हणून पाय पांढरे झाले. आजार कोणताही नव्हता.