पहिली पंगत

अकोल्याच्या मॅचची गोम रामरावांच्या स्वयंपाकघरात आहे, हे कॅप्टन चिंतामणनं बडनेऱ्याला गाडी बदलताना टीमला सांगितलं. अमरावतीचं कॉलेज निघून तीन वर्षं झाली होती आणि त्या सीझनमध्ये कॉलेजची फुटबॉल टीम पाचही मॅच हरली होती. गोल एकही केला नव्हता. सहावी हरलात तर फुटबॉल बंद करून मैदान टेनिसला देतो, असं प्रिन्सिपॉलसाहेबांनी चिंतामणला समोर उभं करून बजावलं होतं. चिंतामण वकिलाचा मुलगा. दोष कुणाचा हे शोधून काढायची त्याला घरचीच सवय होती, आणि तो स्वतःचा निघाल्याचं आजवर एकदाही घडलं नव्हतं.

"आठवा. मागच्या वर्षी मॅचच्या आधी रामरावांनी आपल्याला पुरणपोळ्या घातल्या. आपण पहिल्या पंगतीला बसलो. तेव्हा अकोल्याची टीम काय करत होती?"

"वाढत होती," मोरोपंत म्हणाला. हा राखीव गडी जाड भिंगाचा चष्मा लावायचा आणि चेंडूची पिशवी सांभाळायचा.

"आणि जेवली कधी? मॅचनंतर. म्हणजे आपण तुपानं जड आणि ते रिकाम्या पोटी हलके. याला आपण पाहुणचार म्हणत होतो. यंदा ते पंगतीला बसल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही."

"आपन पाहुने मानसं," खुशालराव म्हणाला. "असं कसं म्हनाव त्याईले?"

चिंतामणनं त्याच्याकडे नीट पाहिलं. खुशालराव हा टीममधला सगळ्यात चपळ गडी. पण त्याची बहीण कौशल्या गेल्या वैशाखात याच रामरावांना दिलेली, आणि रामराव अकोल्याचे कॅप्टन. चिंतामणनं हे मनात टिपून ठेवलं.

रामरावांच्या घरी पानं मांडलेली होती. टीममध्ये चार जातींची पोरं होती. बाहेरगावी एका पंक्तीला जेवायचं आणि घरी बोलायचं नाही, एवढाच त्यांचा नियम होता.

"बसा, बावा," रामराव म्हणाले.

"तुम्ही बसल्याशिवाय नाही."

"आमी मांगून बसतो. रीतच हाये ते."

"मग आम्हीही मागूनच बसू."

रामरावांनी आपल्या गड्यांकडे पाहिलं. "काहून? अन्नात काई हाये असं वाटून राह्यलं का तुमाले?"

दोन्ही टीम एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. शेवटी रामरावांच्या आई गोदाबाई आतून म्हणाल्या, "पोया थंड्या होऊन राह्यल्या. बसा सारे संगं."

अकोला बसलं. लगेच चिंतामणनं रामरावांच्या पानात एक पोळी जास्तीची टाकली. पाहुणा आपल्याला वाढतो म्हणजे यात काहीतरी डाव आहे, हे ओळखून रामरावांनी चिंतामणच्या पानात दोन टाकल्या. मग जो तो शेजाऱ्याला आग्रह करू लागला. नाही म्हणायची कुणाची छाती होईना. पोळ्यांमागून तूप आलं आणि तुपामागून पुन्हा पोळ्या आल्या.

खुशालराव मात्र ओसरीवर बसून होता. "मले नको. पोट बरं नाई," एवढंच तो म्हणाला. मागच्या वर्षी यानंच नऊ पोळ्या खाल्ल्या होत्या. त्याहून विशेष म्हणजे गोदाबाई, ज्या कुणाला तुपाशिवाय सोडत नव्हत्या, त्या याच्यापुढून मुकाट्यानं निघून गेल्या. पाहुण्याला आग्रह नाही म्हणजे हे आधीच ठरलेलं आहे, अशी चिंतामणची खात्री पटली.

मैदानावर त्यानं खुशालरावला बाजूला घेतलं. "तू आज बसायचं. तुझ्या जागी मोरोपंत खेळेल."

"काहून?"

"ते तुझं तुला ठाऊक."

खुशालरावचा चेहरा उतरला आणि तो कडेला जाऊन बसला. तेवढ्यात अकोल्याचा एक गडी निंबाखाली आडवा झाला तो उठेचना. रामराव पोट धरत आले. "आमचा एक कमी झाला. तुमचा एक मोकळा बसला हाये, तो द्या आमाले."

"न्या. तो तुमचाच आहे," चिंतामण म्हणाला.

जावयाचा शब्द मोडता येईना म्हणून खुशालराव गेला.

मॅच सुरू झाली तेव्हा एकवीस जण उभे होते आणि एक पळत होता. अर्धा तास चेंडू बहुतेक पडूनच राहिला. मग तो खुशालरावच्या पायाशी आला. तो निघाला, कुणी आडवं आलं नाही, आणि कॉलेजच्या गोलपुढे जाऊन तो थांबला.

"चिंतामण, ये ना लेका. घेऊन जा बॉल."

चिंतामण तीन पावलं धावला आणि कूस धरून खाली बसला.

"मारा, खुशालराव," रामराव लांबून म्हणाले. "आमी काई तिथवर येत नाई."

खुशालरावनं आणखी थोडी वाट पाहिली आणि चेंडू हळूच ढकलला. कॉलेजच्या गोलकीपरनं तो येताना पाहिला, वाकायचा विचार केला आणि सोडून दिला. अकोला एका गोलनं जिंकलं.

स्टेशनवर चिंतामणनं विचारलं, "पोट बरं नव्हतं ना तुझं?"

"पोट बरं होतं. भूक लागली होती सपाटून."

"मग जेवला का नाहीस?"

"बाप गेल्यावर कौशल्याचं कन्यादान मीनंच केलं. तिले लेकरू होयेपर्यंत तिच्या घरी जेवता येत नाई मले. गोदाबाईले ठाऊक होतं. पन पंगतीत कसं सांगू? कौशल्या चुलीपाशी आयकून राह्यली होती."

चिंतामणला फार लाज वाटली. त्यानं डझनभर केळी विकत आणली आणि खुशालरावनं ती सगळी खाल्ली.

सोमवारी प्रिन्सिपॉलसाहेबांनी विचारलं, "या सीझनमध्ये कॉलेजच्या मुलांनी एकूण गोल किती केले?"

"एक, सर."

"कुणी?"

"खुशालरावनं."

"कुणाविरुद्ध?"

चिंतामणला सगळं सांगावं लागलं. साहेब बराच वेळ हसत राहिले. "गोल करता येणारा एकच मुलगा कॉलेजात आहे, आणि तू त्याला बाहेर बसवलंस. फुटबॉल चालू राहील. कॅप्टन तो."

दुसऱ्या दिवशी नव्या कॅप्टननं नोटीस बोर्डावर टीम लावली. पहिलंच नाव चिंतामणचं होतं. चिंतामणनं ते दोनदा वाचलं, आजूबाजूला पाहिलं आणि मोरोपंतला कोपऱ्यात नेऊन हलक्या आवाजात विचारलं, "माझं नाव पहिलं का घातलं असेल रे त्यानं?"