अश्विनी कॉलनीत मरून पाहिलं

आमच्या शहरात फ्लॅट घेण्याआधी त्या वस्तीत एक दिवस मरून पाहावं लागतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. पाण्याचा दाब, भाजीबाजार, रिक्षा स्टँड हे सगळं कुणीही पाहून घेतो. पण आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात, तसा शेजारही दिसत नाही, हे वॉर्ड ऑफिसला फार पूर्वीच पटलेलं आहे.

मी वजनमापे खात्यातून निवृत्त झालो. आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू तपासले, त्यामुळे काड्यापेटीसुद्धा मी खातरजमा केल्याशिवाय घेत नाही. आम्हाला मूलबाळ नाही. दोघांतलं एक आधी जाणार आणि दुसरं त्या घरात उरणार. उरेल त्याला कोण विचारतं, एवढंच मला पाहायचं होतं.

अश्विनी कॉलनीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्हाला त्यासाठी उघडून मिळाला. तो दोघांच्या नावावर घ्यायचा, म्हणून मरणंही दोघांना आलं. मंगळवारी मी, बुधवारी माझी बायको हेमलता.

"डोळे किलकिले ठेवले तर चालतील," वॉर्ड ऑफिसचे मिसाळ म्हणाले. "बोलायचं नाही. शिंक माफ आहे, खोकला नाही."

मी सतरंजीवर पडलो. मरण तात्पुरतं आहे, हे शेजाऱ्यांना नोटिशीनं कळलेलं असतं. तरी कुणी हसत नाही, कारण तेही कधीतरी इथं असेच मेलेले असतात.

दहाव्या मिनिटाला समोरच्या जंगमकाकू आल्या आणि हेमलताजवळ नुसत्या बसून राहिल्या. मग दुसऱ्या मजल्यावरचे लोंढे मास्तर आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "चांगला माणूस होता." आमची ओळख नव्हती, पण ऐकून बरं वाटलं. साडेबाराला पिठलं-भात आला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

"मला भूक नाही," हेमलता म्हणाली.

"नसू दे. चार घास खाऊन घ्या, मग रडा," जंगमकाकू म्हणाल्या.

हेमलता जेवली. भात तर दुसऱ्यांदा मागून घेतला. चारच्या सुमारास काकूंनी तिला कसलीशी हकिकत सांगितली आणि ती चक्क हसली. मला राग आला आणि हायसंही वाटलं. सहाला उठून मी मिसाळांना सांगितलं, "वस्ती उत्तम आहे."

"अजून उद्याचा दिवस आहे," ते म्हणाले.

बुधवारी हेमलता नऊच्या ठोक्याला मेली. काल आली तीच माणसं आली. मी वहीत वेळा टिपत होतो. वस्तीत खोट म्हणून काढायला जागा नव्हती. अकरा वाजता लोंढे मास्तर उठले.

"चहा टाकतो. साखर किती घेता?"

मला सांगता येईना. अडतीस वर्षं मी समोर आलेला चहा पीत होतो.

"हेमा, मी साखर किती घेतो ग?"

ती नियम पाळणारी बाई. मी पुन्हा विचारलं. मग तिचा हात धरून हलवला. "ऊठ. पुरे झालं आता. ऊठ ना ग." मी रडत होतो, आणि सगळे बघताहेत याचं मला काही वाटलं नाही.

"दीड चमचा," ती डोळे न उघडता म्हणाली.

मिसाळांनी घड्याळ पाहिलं आणि अर्जावर शेरा लिहिला: 'वस्ती योग्य. अर्जदार क्रमांक एक उरण्यास अपात्र.'

"तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज करा," ते समजुतीनं म्हणाले. "तोवर फ्लॅट राखून ठेवतात. बऱ्याच पुरुषांचं असं होतं."

"एकदम नऊ तास कशाला?" जंगमकाकू म्हणाल्या. "घरी थोडी थोडी सवय करा. आमच्या ह्यांना दोन महिने लागले. आता भाजीसुद्धा निवडून आणतात."

तेव्हापासून दुपारचं जेवण झालं, की हेमलता थोडा वेळ मरते. पहिल्या दिवशी मला चार मिनिटं जमली. काल मी एकट्यानं चहा केला. दोन कप मांडले, त्यातला एक परत फडताळात ठेवला आणि खिडकीशी बसून माझा चहा संपवला. सव्वीस मिनिटं झाली होती. मग मात्र तिला उठवलं.