चेअरमनने घेतलेला पेला

आसाराम चेअरमनने भर सभेत दशपर्णी अर्काचा पेला रिकामा केला, मिशी पुसली, आणि आता माल खपणार या आनंदात तो खुर्चीवर बसला. वास्तविक त्या पेल्यात जानकीबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, घरून करून दिलेला कोरा चहा होता. वासाची काळजी नव्हती. गोदामात अर्काचा दर्पच असा होता की चहात वेलदोडा घातला असता तरी कोणाला कळलं नसतं.

करणार काय बिचारा? दहा झाडांचा पाला शेण-गोमूत्रात महिनाभर कुजवून सोसायटीने पंधरा टाक्या अर्क करून ठेवला होता. कापसावरच्या माव्यावर म्हणा, तुरीवरच्या अळीवर म्हणा, नेमका चालतो. पण त्या साली पावसाने तोंड फिरवलं आणि नेकनूरच्या शिवारात फवारायला हिरवं पान राहिलं नाही. ज्यांच्या विहिरीला थोडं पाणी होतं ते भ्यायले होते, कारण एक गडी तोंडाला फडकं न बांधता फवारत सुटला आणि दोन दिवस ओकत पडला. पुढच्या महिन्यात चेअरमनची निवडणूक होती आणि टाक्या तशाच भरलेल्या होत्या.

म्हणून तो पेला. "झाडपाला हाय. पेलं तरी काय व्हत न्हाई," असं त्याने ठणकावून सांगितलं होतं.

संध्याकाळपर्यंत वीस कॅन गेले. आसाराम हरखून गेला. एकविसावा कॅन न्यायला कडूबाई आली. हिला ना शेत ना परसबाग.

"मावशे, कशावर मारतीस?"

"मारायचं कशाला? प्यायचाय. गुडघे लई धरल्यात. उद्या अवस हाय, अवसेला कुणी औषध चालू करीत न्हाई. परवा सकाळी उपाशीपोटी आमी समद्या बाया गोदामापाशी जमून घेणार."

आसारामने कॅन धरला. "आगं, त्याच्यात कण्हेर हाय. धोतरा हाय, रुई हाय. मरशील."

"तू पेलास तवा काढून ठिवली व्हती का?" म्हणत म्हातारीने कॅन डोक्यावर घेतला आणि चालायला लागली.

घरी येऊन त्याने जानकीबाईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"सांगून टाका चहा व्हता म्हणून."

"खुर्ची जाईल की."

"म्हातारी जाण्यापरीस खुर्ची गेलेली बरी."

पण खुर्ची इतक्या सहजासहजी सुटते होय? दुसऱ्या दिवशी त्याने वेगळी शक्कल लढवली. माल खराब झाला म्हणून सांगितलं आणि गोदामाला कुलूप ठोकलं. तासाभरात त्याचा जुना वैरी भगवानराव पारावर सांगत होता, "खराब बिराब काय न्हाई. केजच्या सासऱ्यासाठी दडवून ठिवलाय. त्याला साखरंचा त्रास हाय." झालं. ज्यांना काही दुखत नव्हतं त्यांचंही दुखायला लागलं. कॅन नेलेल्यांच्या दारात लोक वाट्या घेऊन उभे राहिले. आणि अर्क नाकाजवळ धरवत नाही ही त्याच्या गुणाची खूण ठरली, इतकं जालीम औषध म्हणे परळीच्या दवाखान्यातही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोदामापुढे अख्खं गाव उपाशीपोटी हजर. आसाराम धापा टाकत पोचला तेव्हा कडूबाई पेला भरून डोळे मिटून देवाचं नाव घेत होती. त्याला पुढचं सगळं दिसलं, बैलगाडी, तालुक्याचा दवाखाना, पांढरं कापड. त्याने झेप घेतली आणि पेला हिसकून मातीत ओतला.

"पिऊ नको मावशे. मी पेलोच न्हाई. माझ्या पेल्यात चहा व्हता."

हातातल्या वाट्या हळूहळू खाली गेल्या. आसारामला हलकं वाटलं. आता चार जोडे बसले तरी चालतील, पण म्हातारी वाचली.

"चहा?" भगवानराव पुढे आला. "कोरा?"

"व्हय."

"साखर?"

"व्हती थोडी."

"किती?"

"दोन चमचे."

"ऐका रे," भगवानराव लोकांकडे वळला. "दुष्काळ हाय म्हणून ह्यानं चार महिन्यांपासून आपला मीटिंगचा चहा बंद केला. टँकरचं पाणी आपुन तांब्यानं मोजून घेतो. आन हा बहाद्दर भर सभेत, आपल्या डोळ्यांदेखत, पेलाभर चहा एकटा पेला."

"आरं, ती म्हातारी आत्ता मेली असती," आसाराम कळवळून म्हणाला.

"मेली न्हाई ना," कडूबाई कडाडली. "चहाचं बोल. मला घोटभर विचारलंस का?"

तिथेच सभा भरली. सभासदांना न विचारता एकट्याने चहा घेतल्याबद्दल चेअरमनला खाली उतरवावं असा ठराव भगवानरावाने मांडला. विषाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आसाराम आशेने बायांच्या बाजूला बघू लागला. जानकीबाईही सभासद होती, आणि सगळ्यांत आधी तिचाच हात वर गेला. चहा तिने केला होता, पण तिलाही त्याने घोटभर विचारलं नव्हतं.