दुसऱ्या बिळाचं वचन

बाळांनो, जरा कान टवकारा. एका जंगलात, टेकडीवर, एक चर्च होतं. दर रविवारी सगळे प्राणी तिथे उपासनेला जमत. लांडगेसुद्धा पंजे धुऊन येत.

तिथे एक पवित्र ग्रंथ होता. मूळ ग्रंथ फार जुन्या भाषेत. ती भाषा एकट्या दानिएल कासवाला येई. बाकीचे त्याच्या आजोबांनी केलेलं भाषांतर ऐकत आणि डोळे पुसत.

एकदा वणवा पेटला. सालोमी सशिणीचं बीळ जळालं. पिल्लांना घेऊन ती थिओफिल कोल्ह्याच्या दारात आली. कोल्हा चर्चचा पाळक. त्याला दोन बिळं होती. एकात तो राहायचा. दुसरं नुसतं असावं म्हणून होतं.

"पाळकसाहेब, तुम्हीच वाचून दाखवता ना, 'दोन बिळं असणाऱ्याने एक बेघराला द्यावं'?"

कोल्हा कळवळला. "सालोमीबाई, ते भाषांतर जुनं झालं हो. आजच्या पिढीला कळत नाही."

"मला कळलं की."

"तोच तर त्यातला दोष!"

लगेच समिती बसली. कोल्हा, लांडगा आणि तरस. तिघांनाही जुन्या भाषेचं अक्षर येत नव्हतं, त्यामुळे काम झपाट्याने उरकलं. नवं वचन असं झालं: 'दोन बिळं असणाऱ्याने बेघराला मनात जागा द्यावी.'

मंडळी गहिवरली. मनात सगळ्यांकडेच जागा होती.

सालोमी दानिएल कासवाला घेऊन भर उपासनेत शिरली. "गुरुजी, मुळात काय आहे ते सांगा ह्यांना."

कासवाने मूळ ग्रंथ उघडला. सावकाश वाचलं. "मुळात आहे, 'चांगलं बीळ बेघराला द्यावं आणि आपण वाईटात राहावं.' माझ्या आजोबांनीही भाषांतरात जरा सांभाळूनच घेतलं होतं."

मग लांडगा गुरगुरला, "म्हणजे मूळ ग्रंथ आपल्या भाषांतराशी अजिबात इमान राखत नाही!"

"काय हा निष्काळजीपणा!" तरस म्हणाला.

मंडळींनी एकमताने मूळ ग्रंथ दुरुस्तीला काढला. कासवाला वयोमानामुळे सक्तीची विश्रांती दिली.

सालोमीला नव्या भाषांतराची सोनेरी कडांची प्रत भेट मिळाली. तिने पानं फाडली, कुरतडून मऊ केली आणि उघड्यावर पिल्लांखाली अंथरली. पिल्लं कुडकुडायची थांबली.

हे कानावर येताच कोल्ह्याने पुढच्या रविवारी जाहीर केलं, "बंधुभगिनींनो, आपल्या भाषांतराने बेघरांना ऊब मिळाली!"

तात्पर्य: मूळ ग्रंथ आणि भाषांतर जुळत नसतील, तर मूळ ग्रंथ सुधारून घ्यावा. भाषांतरकारांना उगाच त्रास देऊ नये.